नागली, उडीद आणि अडलेला रायबोसोम

जव्हार-मोखाड्यात नागलीच्या भाकरीशी उडदाची डाळ खातात. ही जोडी पेशीत काय करते, ते पाहण्यासारखं आहे.

पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएमधून हव्या त्या जनुकाची आरएनए-नक्कल बाहेर येते. प्रथिनं बनवणारा रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि प्रत्येक त्रिकुटासाठी ठरलेलं अमिनो आम्ल प्रथिनाच्या साखळीत ओवतो. ‘एएए’ आलं की लायसिनच हवं, दुसरं काही चालत नाही. ते मिळालं नाही, तर रायबोसोम तिथेच अडतो, बाकीची १९ आम्लं मुबलक असली तरी! आणि लायसिन आपल्या शरीराला बनवताच येत नाही; ते ताटातूनच यावं लागतं. नागलीत कॅल्शियम भरपूर, पण लायसिन कमी. उडदात ते भरपूर असतं. उडदात कमी पडणारं मेथिओनिन नागली पुरवते.

१९९२-९३ साली याच जव्हार भागातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. उपाशी मुलाच्या जनुकांतला मजकूर शाबूत असतो, पण ओवायला मणीच नसतात. मग शरीर स्वतःचे स्नायू मोडून अमिनो आम्लं मिळवतं. अंगणवाडीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती फीत लावतात, ती ही झीज ओळखण्यासाठी. ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी घेर म्हणजे तीव्र कुपोषण.