मातीने नाकारले, पानांनी मिळविले

पावसाळा सरत आला की साताऱ्याजवळील कासचे पठार फुलांनी झाकून जाते. त्या गर्दीत निळसर-जांभळ्या रंगाची इवली इवली फुले असतात. लोकांनी त्यांना ‘सीतेची आसवे’ असे हळवे नाव दिले आहे. परंतु ज्या रोपट्याला ही आसवे येतात, ते रोपटे आपल्या पायाखालच्या ओल्या मातीत त्याच क्षणी शिकार करीत असते, हे सांगितले तर कितीजणांना खरे वाटेल?

वनस्पतींनी प्राण्यांना खावे, ही गोष्ट आपल्याला उफराटी वाटते. हिरवे पान सूर्यप्रकाश, हवा आणि पाणी यांच्यापासून साखर तयार करते; मग त्याला किड्यामुंग्यांची गरज का पडावी? याचे उत्तर मातीत आहे. केवळ साखरेवर रोपाचा देह उभा राहत नाही. त्याला नत्र आणि स्फुरदही लागते. कासच्या जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ असतो आणि मुसळधार पाऊस त्यातील क्षार धुऊन नेतो. अशा दरिद्री भूमीत मुळांना जे मिळत नाही, ते काही वनस्पती सापळ्यांच्या द्वारे मिळवितात. शेतकरी पिकाला खत देतो. या वनस्पती आपले खत स्वतःच पकडून आणतात, इतकेच.

तीन सापळे, तीन युक्त्या

सर्वांत साधा सापळा ‘दवबिंदू’ या रोपाचा. त्याच्या पानांवर बारीक केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाशी चिकट द्रवाचा थेंब चमकत असतो. दव समजून चिलट त्यावर बसते आणि अडकते. ते सुटण्यासाठी जो जो धडपडते, तो तो आजूबाजूचे केस त्याच्याकडे वळतात. मग पाचक रस स्रवतात आणि किड्याच्या देहातील सत्त्व पान शोषून घेते. चार्ल्स डार्विन यांनी १८६० साली इंग्लंडमध्ये याच कुळातील एक रोप पाहिले आणि त्यांना त्याचा असा ध्यास लागला की, पुढे १८७५ मध्ये त्यांनी कीटकभक्षक वनस्पतींवर एक संपूर्ण ग्रंथच प्रसिद्ध केला.

‘सीतेची आसवे’ या रोपाची युक्ती वेगळी आहे. त्याच्या जमिनीखालील भागावर अतिसूक्ष्म फुगे असतात. फुग्यातील पाणी बाहेर टाकले जाते, त्यामुळे त्याच्या भिंती आत खेचल्या जातात आणि दार घट्ट मिटते. एखाद्या सूक्ष्म जीवाचा दाराजवळच्या केसाला धक्का लागला की दार उघडते आणि पाण्याबरोबर तो जीव आत ओढला जातो. हे सारे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत घडते.

तिसरी ‘घटपर्णी’. भारताच्या रानात तिची एकच जात आढळते आणि तिचे माहेर मेघालयाचे डोंगर. पानाच्या टोकातून निघालेल्या तंतूच्या शेवटी झाकण असलेला एक घट लोंबतो. घटाच्या कडेवर मध असतो. पण ती कड ओली झाली की इतकी निसरडी होते की, मुंगीचे पाय तिच्यावर ठरत नाहीत. मुंगी आतल्या रसात पडते आणि तेथेच विरघळून जाते. गारो लोक या वनस्पतीला ‘मेमांग-कोक्सी’, म्हणजे भुताची टोपली, म्हणतात.

जुन्या भांड्यांचा नवा उपयोग

असे विलक्षण सापळे निर्माण तरी कसे झाले? ज्ञात कीटकभक्षक वनस्पतींच्या जाती सुमारे ८०० आहेत; पण त्या सर्व एका पूर्वजाची संतती नव्हेत. हा मार्ग वेगवेगळ्या कुळांनी निदान सहा वेळा तरी स्वतंत्रपणे शोधून काढला.

याहून नवलाची गोष्ट अशी की, त्यासाठी निसर्गाला नवी हत्यारे घडवावी लागली नाहीत. कोणत्याही झाडाचे पान अळीने कुरतडले की झाडात धोक्याची सूचना देणारे एक द्रव्य तयार होते. बुरशी चढू लागली तर तिचे कवच विरघळविणारे रस झाड बनविते. कीटकांच्या कवचातही मुख्यतः तेच द्रव्य असते! २०१७ साली आशिया, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येथील घटधारी वनस्पतींच्या पाचक रसांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. या तिघींचे आपसांत जवळचे नाते नाही. तरीही तिघींनी स्वसंरक्षणाचे तेच जुने रस पचनाच्या कामी लावले आहेत, असे दिसून आले. एकेकाळची ढालच पुढे तलवार झाली.

सापळ्यांचेही तसेच. अमेरिकेतील कॅरोलिना प्रांतांत ‘व्हीनस फ्लायट्रॅप’ नावाचे रोप आहे. त्याच्या पानाची दोन दले ओंजळीसारखी मिटतात. मात्र आतील केसांना सुमारे वीस सेकंदांत दोनदा स्पर्श झाला तरच. वाऱ्याने उडून आलेल्या कचऱ्यासाठी ते आपली शक्ती सहसा खर्च करीत नाही. हे रोप आपल्या दवबिंदूचेच नातलग असून, चिकट पानांच्या पूर्वजांपासूनच त्याचा सापळा उत्क्रांत झाला, असे जनुकांच्या अभ्यासावरून दिसते.

गरिबीचे रक्षण

मात्र या चातुर्याची किंमतही मोठी आहे. सापळ्याचे पान अन्न तयार करण्याच्या कामी दुबळे असते. म्हणून माती कसदार झाली की साधी गवते झपाट्याने वाढतात आणि या रोपांना झाकून टाकतात. इतर झाडांचे पोषण करणारे खत यांच्या मुळावर येते! शिवाय खाणकाम, जंगलतोड आणि हौशी संग्राहकांचा लोभ यांमुळे मेघालयातील घटपर्णी धोक्यात आली आहे. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर अत्यंत कडक निर्बंध आहेत आणि गारो टेकड्यांतील बाघमारा येथे तिच्यासाठी अभयारण्यही राखले आहे.

आपण ज्याला पडीक माळ म्हणतो, निरुपयोगी खडक म्हणतो, त्याच भूमीने ही अद्भुत कला जन्माला घातली. पुढच्या वेळी मुलाबाळांसह अशा पठारावर जाल, तेव्हा आखलेल्या वाटेवरूनच चालावे आणि फूल खुडण्याऐवजी मुलांना खाली वाकून पाहायला शिकवावे. जेथे काहीच उगवू नये असे वाटते, तेथे कोणीतरी केवढ्या हिकमतीने संसार थाटला आहे, हे त्यांना दिसेल.