विमानातला मेन स्विच आणि आपल्या घरातला

जेवणं आटपली, भांडी घासून झाली, की आज जरा अंगणात उभ्या राहा. बदलापूर असो, अंबरनाथ असो की उल्हासनगर, आपल्या आकाशातून रात्री एखादं तरी विमान जाताना दिसतंच. त्याचे दिवे नीट बघा. डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्याला हिरवा आणि शेपटीला पांढरा. हा नियम जगभर एकच. विमान तुमच्याकडे येत असेल, तर लाल दिवा तुमच्या उजव्या हाताला दिसेल. लांब जात असेल, तर शेपटीचा पांढरा दिवा दिसेल.

रात्री उडणाऱ्या छोट्या विमानालाही हेच दिवे असतात. त्यांना वीज कुठून मिळते? आपल्या जीपगाडीसारखीच. एक बॅटरी असते. इंजिन फिरलं की अल्टरनेटर वीज तयार करतो, तीच दिव्यांना, रेडिओला जाते आणि बॅटरीही भरते. अल्टरनेटर बंद पडला तर उरते फक्त बॅटरी, आणि ती फार वेळ पुरत नाही. मग वैमानिक नको ते सगळं बंद करतो आणि बोलण्यापुरता रेडिओ चालू ठेवतो.

तुम्ही म्हणाल, वीज गेली तर इंजिनही थांबेल. नाही थांबत. मे २०१९ मध्ये आपल्या मुंबईची आरोही पंडित, तेवीस वर्षांची मुलगी, ‘माही’ नावाच्या हलक्या विमानातून एकटी अटलांटिक महासागर पार करून गेली. स्कॉटलंडहून निघाली, आइसलँड आणि ग्रीनलँडला थांबत कॅनडात उतरली. या वर्गाच्या विमानातून असं करणारी ती जगातली पहिली महिला. इंजिन एकच, आणि खाली बर्फासारखं गार पाणी. त्या इंजिनाची ठिणगी बॅटरीवर अवलंबून नसते. इंजिन फिरताना त्यातली चुंबकं फिरतात आणि ठिणगीपुरती वीज तिथल्या तिथे तयार होते. जुनी लूना बॅटरीशिवाय चालायची, तसंच. शिवाय ठिणगीच्या जोड्या दोन. एक बिघडली तरी दुसरी चालते.

म्हणूनच विमानात वायर जळाल्याचा वास आला, की वैमानिक आधी मेन स्विच बंद करू शकतो. दिवे जातात, रेडिओ जातो, पण विमान उडत राहतं.

आता आपल्या घरात या. जळका वास आला तर आपण काय करतो? कुठून येतोय ते शोधत बसतो. आधी मेन स्विच बंद करा, पायात चप्पल आणि हात कोरडे ठेवून. शोध नंतर. विजेच्या आगीवर पाणी कधीच टाकू नका. मीटर किंवा खांबावरच जळत असेल, तर लांब राहा आणि महावितरणला १९१२ वर फोन करा.

दुसरी गोष्ट फ्यूजची. विमानात प्रत्येक वायरीला आपलं वेगळं बटण असतं. जास्त वीज वाहिली की ते आपोआप बाहेर येतं. अगदी गरजेचंच असेल, तर वैमानिक ते एकदाच आत दाबतो. पुन्हा बाहेर आलं, तर हात लावत नाही. आपल्याकडे मात्र फ्यूज उडाला की जाड तार गुंडाळतो. मग फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर जळते. फ्यूज असतो तो वायर वाचवायला. एमसीबी एकदा वर करून बघा. पुन्हा पडला तर वायरमनला बोलवा.

आणि शेवटचं. अंधाराच्या भीतीने मेन स्विच बंद करायला हात कचरतो. म्हणून चार्ज केलेली एक बॅटरी, म्हणजे टॉर्च, मेन स्विचजवळच खिळ्याला टांगा. पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा: मेन स्विच कुठे आहे, हे घरातल्या पोरांना आणि सासूबाईंना ठाऊक आहे का?