नेम आणि दुर्बीण

उज्जयिनीची वेधशाळा पाहिलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात एक प्रश्न यावयास हवा. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात ही प्रचंड यंत्रे पितळेची न घडविता दगड-चुन्याची का बांधली? त्यांचा अनुभव असा होता की, धातूच्या लहान यंत्रांचे आस झिजतात, मध्यबिंदू सरकतो, आणि यंत्र दिसावयास सुरेख असूनही वेध चुकतो. पुढे मोडकळीस आलेल्या या यंत्रांचा जीर्णोद्धार गोविंद सदाशिव आपटे आदी विद्वानांच्या सूचनेवरून माधवराव शिंदे यांनी १९२३ साली केला. डोळा कितीही तीक्ष्ण असो, तो ज्या साधनातून पाहतो ते साधनच जागेवर नसेल तर सारे व्यर्थ होय. रायफलीवर बसविलेल्या दुर्बिणीलाही हाच नियम लागू पडतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, हे आपणांस ठाऊकच आहे. त्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. या स्पर्धेत दुर्बीण वापरण्यास मुभा नसते. बारीक छिद्राच्या साइटमधून नेम धरावा लागतो. परंतु तेथेही गुण मोजण्यास आरंभ होण्यापूर्वी साइट जुळविण्यासाठी वेळ दिलेला असतो. ऑलिंपिकवीरासही जे टळले नाही, ते नवशिक्यास कसे टळेल?

आता दुर्बिणीकडे वळू. तिच्या नळीत पुढचे भिंग लक्ष्याची प्रतिमा तयार करते, आत बारीक रेषांची फुली असते आणि मागच्या भिंगातून आपण दोन्ही एकत्र पाहतो. आपली दृष्टी सरळ रेषेत जाते; गोळी मात्र नळीबाहेर पडताक्षणी गुरुत्वाकर्षणाने खाली येऊ लागते. शिवाय दुर्बीण नळीच्या काही सेंटिमीटर वर बसविलेली असते. म्हणून नळीचे तोंड दृष्टिरेषेच्या मानाने यत्किंचित वर ठेवावे लागते. ज्या ठरावीक अंतरावर गोळी फुलीच्या मध्याशी येऊन मिळते, त्या अंतरावर रायफल 'झिरो' झाली, असे म्हणतात.

हे काम मान्यताप्राप्त मैदानावर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीच करावयाचे असते. प्रथम रायफल रिकामी असल्याची खात्री करावी. मग दुर्बीण अशा बेताने बसवावी की, डोळ्याला पूर्ण वर्तुळ स्वच्छ दिसेल आणि धक्क्याने ती भुवईवर आदळणार नाही. फुलीची उभी रेषा खरोखरच उभी आहे ना, हे पाहावे. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून जवळच्या, म्हणजे सुमारे २५ मीटरवरील लक्ष्यापासून आरंभ करावा आणि मग इष्ट अंतरावर जावे.

येथे नवशिक्याची परीक्षा होते. पहिली गोळी उजवीकडे गेली की त्याचा हात लगेच स्क्रूकडे धावतो. दुसरी डावीकडे गेली की तो पुन्हा उलट फिरवितो. अशाने दिवस मावळला तरी जुळणी होत नाही. कारण एका गोळीच्या चुकीत साधनाचा दोष किती आणि हाताचा किती, हे कळत नाही. म्हणून एकाच बिंदूवर नेम धरून तीन ते पाच गोळ्या शांतपणे झाडाव्यात. एन.सी.सी.मध्ये यालाच ग्रुपिंग म्हणतात. छिद्रे विखुरली, तर दोष बहुधा श्वासाचा, बोटाचा किंवा सैल स्क्रूचा; दुर्बिणीला हात लावू नये. छिद्रे एकत्र पण मध्यापासून दूर असतील, तर हात स्थिर आहे. आता दुर्बीण सरकवावी.

किती सरकवावी, हे आपल्या ज्योतिषाच्या परिभाषेतच सांगता येते. एका अंशाच्या साठ कला. १०० मीटरवर एक कला सुमारे २९ मिलिमीटर भरते, ५० मीटरवर त्याच्या निम्मी. पुष्कळ दुर्बिणींच्या स्क्रूचा एक 'क्लिक' पाव कलेचा असतो. समजा, ५० मीटरवर छिद्रांच्या समूहाचा मध्य २९ मिलिमीटर खाली आहे. म्हणजे दोन कला; म्हणून आठ क्लिक वर. मग पुन्हा तितक्याच गोळ्या झाडून ताळा पाहावा. अंतर, गोळीचा प्रकार आणि क्लिक वहीत टिपून ठेवावेत. गोळी बदलली की झिरोही बदलू शकतो.

आता निगा. माळव्यातील उन्हाळ्याची धूळ बारीक वाळूसारखी असते. सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसणे म्हणजे त्यावर ओरखडे काढणे होय. आधी रबरी फुग्याने धूळ उडवावी, मग मऊ ब्रश फिरवावा, आणि डाग राहिलाच तर भिंगासाठीच्या कागदाने मध्यापासून कडेकडे हलकेच पुसावे. आमच्या कोकणपट्टीत शत्रू निराळा, तो म्हणजे दमटपणा. पावसाळ्यात बंद चामडी पेटीत ठेवलेल्या भिंगावर बुरशीचे जाळे पसरते. तेव्हा दुर्बीण कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी. नळी घरी उघडू नये. आतील कोरडा वायू निघून जातो आणि ओल शिरते. पकडणाऱ्या कड्यांचे स्क्रू आळीपाळीने, सारख्या जोराने आवळावेत. प्रवास झाला किंवा रायफल पडली, तर झिरो पुन्हा तपासावा. आणि दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. रायफलीवरच्या दुर्बिणीतून माणसाकडे तर कौतुकानेही नाही, कारण दृष्टी जिकडे वळते तिकडेच नळीचे तोंडही वळते.

लक्ष्यावरचा कागद कोणाची भीड धरीत नाही. तो जे दाखवितो ते शांतपणे मोजावे, दोष हाताचा की साधनाचा हे ठरवावे, आणि मगच स्क्रू फिरवावा. एवढा संयम ज्याच्या अंगी आला, त्याचा नेम निम्मा साधला म्हणावा.