पुढच्या पाइपावर तेल दिसलं तर

मागच्या वेळी आम्ही गटाच्या कर्जवहीबद्दल बोललो होतो. आजचा विषय मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपचा आहे. तुम्ही म्हणाल, हे काय मध्येच? पण हा विषयसुद्धा त्या वहीतूनच निघाला.

पारनेर तालुक्यातल्या आमच्या एका गटानं दूध आणि भाजी पोचवायला जुनी मोटारसायकल घ्यायचं ठरवलं. दोघींना गाडी येते, परवानाही आहे. किंमत 28 हजार ठरली, ठराव झाला, इसार द्यायला आम्ही चौघी गेलो. गाडी धुऊन पुसून उभी केलेली होती. इंजिनाचा आवाज चांगला, टायर बरे. आमच्यातल्या एक मावशी, ज्यांनी आयुष्यात कधी गाडी चालवली नाही, त्या पुढच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या आणि पदराच्या टोकानं पाइप पुसला. पदराला काळं तेल लागलं. विकणारा म्हणाला, "धुताना उडालं असेल मावशी." मावशी काही बोलल्या नाहीत, पण आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आज पैसे द्यायचे नाहीत."

त्यांच्या मुलाच्या गाडीला मागच्या पावसाळ्यात असंच तेल येत होतं. येता-जाता सगळ्यांना दिसत होतं, कुणी मनावर घेतलं नाही. ते तेल ओघळून पुढच्या डिस्कवर गेलं. उतारावर ब्रेक दाबला तर गाडी थांबेना. हातात रॉड घालावा लागला, तीन महिने कामावर जाता आलं नाही.

आता हा शॉकअप असतो कसा ते बघू. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन पाय असतात. प्रत्येक पायात वरून चकचकीत पाइप खालच्या जाड नळीत शिरतो. आत लांब स्प्रिंग असते आणि थोडं तेल. खड्ड्यात चाक उचललं की स्प्रिंग दबते. नुसती स्प्रिंग असती तर गाडी झोपाळ्यासारखी वरखाली होत राहिली असती. तेल ते थांबवतं. पिचकारीचं भोक बारीक असलं की दट्ट्या कितीही दाबा, सावकाशच सरकतो. तसं आतलं तेल बारीक भोकांतून जातं आणि स्प्रिंगचा जोर मारतं. तेल घातलेले असे शॉकअप 1935 साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीनं विकायच्या मोटारसायकलींना बसवले. आज आपल्या गावातल्या स्प्लेंडरला आणि शाइनला तीच युक्ती आहे.

पाइप जिथं नळीत शिरतो तिथं रबरी ऑइल सील असतं. तेल आत ठेवायचं काम त्याचं. त्याच्या वर धूळ अडवणारं आणखी एक रबर असतं. आपल्याकडं मुरमाचे रस्ते, उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात चिखल. तो चिखल पाइपावर वाळतो आणि प्रत्येक खड्ड्यागणिक सीलवर घासला जातो, खरखरीत दगडासारखा. निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे बघायला लांबून माणसं येतात. आमच्या रस्त्यावरचे खळगे बघायला मात्र कुणी येत नाही, ते शॉकअपलाच सोसावे लागतात.

तर घरच्या घरी काय बघायचं? आधी टायरमधली हवा. हवा कमी असली तरी हँडल जड लागतं, गाडी लोळते, आणि आपण उगाच शॉकअपला दोष देतो. हवा बरोबर असेल तर स्वच्छ फडकं घेऊन दोन्ही पाइप पुसा आणि आठवडाभर गाडी वापरा. नंतर बोट फिरवा. धुळीची कोरडी रेघ असेल तर काळजी नाही. तेलाचा ओला गोल उठला असेल किंवा ओघळ खाली गेला असेल, तर सील गेलं. काही गाड्यांना पाइपावर रबरी बूट असतात; ते वर सरकवूनच बघावं लागतं, आत चिखल आणि गंज लपलेला असतो. बोटाला खरखर लागली, गंजाचे ठिपके दिसले, तर नुसतं सील बदलून भागत नाही. तो खरखरीत पाइप नवं सीलही थोड्या दिवसांत फाडतो. इथंच बायकांचे पैसे दोनदा जातात.

मग गाडीवर बसा, पुढचा ब्रेक धरा आणि हँडलवर अंगाचा भार टाकून दाबा. गाडी दबली पाहिजे, एकदा वर आली पाहिजे आणि गप्प बसली पाहिजे. दोन-तीन हेलकावे खात असेल तर तेल कमी झालंय नाहीतर जुनं होऊन पातळ झालंय. खाली जाताना शेवटी ठक्क आवाज आला तर तेल किंवा स्प्रिंग बघायला लागेल. अडकत अडकत वर येत असेल तर पाइप वाकलेला असू शकतो. चालवताना पुढचा ब्रेक दाबल्यावर गाडी नाक खुपसल्यासारखी एकदम खाली जाते का, तेही ध्यानात घ्या.

आमच्या एका सखीनं केसांचा रबर वापरला. तो पाइपावर नळीच्या तोंडाशी चढवला आणि नेहमीच्या वाटेनं दुधाचे कॅन घेऊन गेली. परत आल्यावर रबर किती वर सरकला ते बघितलं. रोजच्याच रस्त्यावर तो अगदी टोकाला जात असेल तर शॉकअप आपटतोय असं समजायचं. रबर आठवणीनं काढून टाका.

आता गाडी डबल स्टँडवर घ्या. एकीनं मागचं कॅरियर दाबून पुढचं चाक अधांतरी करायचं, दुसरीनं समोर बसून दोन्ही पाय खालून धरून पुढे-मागे हलवायचे. टकटक लागली तर कुठं लागते ते शोधा. हँडलखालच्या सांध्यावर बोट ठेवून हादरा कळला तर कोनसेट ढिला आहे. पाइप नळीत शिरतो तिथं कळला तर आतले बुश झिजलेत. हँडल सावकाश डावी-उजवीकडं फिरवा. मध्यभागी खाच असल्यासारखं अडकलं तर कोनसेट बदलायचा. ही कामं वेगवेगळी आहेत. आपल्याला फरक कळला की बिलात काय लावलंय तेही कळतं.

स्कूटर असेल तर थोडं वेगळं. जुन्या ॲक्टिव्हाला पुढं चाकाजवळ छोटे शॉकअप आणि हलणारे सांधे असतात, तिथं सांध्यांचा ढिलेपणा बघायचा. 2020 साली आलेल्या ॲक्टिव्हा 6जीला मोटारसायकलसारखे लांब पाय आहेत.

मेकॅनिककडं गेल्यावर दोन्ही पायांची सीलं एकदमच बदलायला सांगा. तेल दोन्हीकडं सारखं, मोजून, आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच. हाताला लागेल ते ऑइल ओतू देऊ नका. डिस्कवर तेल गेलं असेल तर डिस्क साफ होते, पण तेल प्यालेले ब्रेक पॅड पुसून नीट होत नाहीत, ते बदलायचेच. आणि घरी धुताना पाण्याचा जोराचा फवारा सीलच्या तोंडावर मारू नका. ओल्या मऊ फडक्यानं पाइप पुसणं पुरे. काहीजण पाइपाला तेलाचा हात लावतात. त्यानं धूळ आणखी चिकटते.

आमच्या त्या गाडीचं काय झालं? आम्ही विकणाऱ्याला सांगितलं, मजुरी आम्ही देतो, पण पाइप काढून बघू द्या. बराच वेळ कुरकुरून तो तयार झाला. मेकॅनिकनं दोन्ही पाइप काढले आणि सपाट काचेवर लोळवले, पोळपाटावर लाटणं फिरवावं तसे. उजवा सरळ लोळला. डावा उड्या मारत गेला. गाडी कधीतरी समोरून जोरात आपटलेली होती, आणि ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मजुरीचे पैसे गेले, इसार वाचला.

गटानं पुढच्या महिन्यात दुसरी गाडी बघितली. ती 31 हजारांना पडली, तीन हजार जास्त. त्या वेळी मावशींनी घरून जुनं फडकं आणलं होतं. लुगडं खराब होतं म्हणाल्या.