मनातील धोक्याची घंटा

कर्जत म्हटले की तुम्हांला बोरघाट आठवेल आणि चढावर गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने आठवतील. याच कर्जतला मुलांचे एक निरीक्षणगृह आहे. जुनी माणसे अशा जागेला 'रिमांड होम' म्हणत. अठरा वर्षांखालील मुलावर गुन्ह्याचा आरोप आला आणि त्याला लगेच घरी सोडणे त्याच्या हिताचे नसले, तर बाल न्याय मंडळ त्याला अशा गृहात ठेवते. कायदा त्याला 'गुन्हेगार' म्हणत नाही. 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असा शब्द वापरतो.

अशा मुलांविषयी आपण चटकन म्हणतो, 'उर्मट आहे, लगेच हात उगारतो.' पण शरीरशास्त्र याविषयी काय सांगते?

समजा, पायवाटेवर अचानक साप दिसला. विचार करण्याआधीच तुम्ही मागे उडी मारता. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. त्याचे नाव अमिग्डला. तो धोक्याची घंटा वाजवतो. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात. साप निघून गेला की घंटा थांबते.

पण धोका घरातच असेल तर? रोजची मारहाण, उपासमार, डोळ्यांदेखत घडलेली हिंसा यांमुळे ही घंटा वारंवार वाजत राहते. पुढे ती इतकी हळवी होते की दार आपटले किंवा पाठीमागून कोणी खांद्यावर हात ठेवला तरी वाजते. मग मूल अंगावर धावते, पळून जाते किंवा दगडासारखे गप्प बसते. पाहणाऱ्याला तो उर्मटपणा वाटतो. वास्तविक तो मानसिक आघाताचा परिणाम असू शकतो. त्यातच, मेंदूचा ब्रेक म्हणजे कपाळामागचा भाग. तो पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो. घाट उतरणाऱ्या गाडीला ब्रेक किती मोलाचा, हे कर्जतकरांना सांगायला नकोच!

अमेरिकेत शिकागोच्या बालबंदीगृहातील ८९८ मुलामुलींची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील ९२.५ टक्के मुलांनी किमान एक तरी मोठा आघात सोसलेला होता. याचा अर्थ, आघात सोसलेले मूल गुन्हा करतेच, असा मुळीच नाही. बहुतेक मुले तसे करत नाहीत.

आता उपचाराकडे वळू. पहिली पायरी म्हणजे सुरक्षितता. दिवसाचे वेळापत्रक आधी सांगणे, अचानक न ओरडणे, दिलेला शब्द पाळणे, एवढ्यानेही घंटा शांत होऊ लागते. दुसरी पायरी श्वासाची. ती तुम्हीही करून पाहा. मनगटावर बोटे ठेवून नाडी चाचपा. सावकाश श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा. श्वास घेताना ठोके किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद होतात. लांब उच्छ्वास हा हृदयाचा लगाम आहे. तिसरी पायरी म्हणजे प्रशिक्षित समुपदेशकाजवळ, मुलाच्या गतीने, घडलेले थोडे थोडे सांगणे. आठवण तीच राहते, पण तिचा दंश कमी होतो.

हे केवळ श्रीमंत देशांतच जमते असे नाही. काँगो या युद्धग्रस्त देशात ५० मुलग्यांवर असा प्रयोग झाला. त्यांत पूर्वी सैनिक म्हणून वापरलेली मुलेही होती. गटाने १५ बैठका घेतल्यावर, उपचारासाठी थांबलेल्या मुलांपेक्षा त्यांचा त्रास बराच कमी झाला. हा अहवाल २०१३ चा.

आपल्याकडे मुलांसाठी वेगळ्या न्यायाचा विचार नवा नाही. मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा १९२४ सालचा. आजचा बाल न्याय अधिनियम २०१५ चा आहे. मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवू नये, बेड्या घालू नयेत, पोलिसांनी शक्यतो साध्या वेशात बोलावे, त्याचे नाव छापू नये, असे कायदा व त्याचे नियम सांगतात. घंटेची गोष्ट कळल्यावर या कलमांमागचे शास्त्र तुमच्या लक्षात आले असेलच. मात्र कलमे कागदावर असून भागत नाही. ती पाळणारी माणसे आणि पुरेसे समुपदेशक हवेत.

कोणी विचारील, 'मग चूक माफच करायची काय?' नाही. ज्याला इजा झाली त्याचे दुःखही खरेच आहे. पण कानात घंटा घणघणत असताना त्या दुःखाचा आवाज ऐकू येत नाही. ती थांबली, तरच मुलाला आपण काय केले ते उमगते आणि त्याची भरपाई करण्याची बुद्धी होते.

शिक्षकांनो, वर्गात दचकणारा किंवा एकाएकी भडकणारा विद्यार्थी दिसला, तर शिक्षेआधी त्याला शांत जागा द्या. आणि मित्रांनो, तुमच्या ओळखीच्या कुणा मुलाला त्रास होत असेल, तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा किंवा १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी करा. त्याला पैसे पडत नाहीत.