स्वमग्न मुलाच्या आईला विश्रांती कोण देणार?



स्वमग्नतेविषयी, म्हणजे ऑटिझमविषयी, आपण जे ऐकतो ते बहुतेक मुलाविषयी असते. मूल उशिरा बोलते, नजरेला नजर देत नाही, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करते, मोठ्या आवाजाने घाबरते. त्याला सांभाळणाऱ्यांविषयी फारसे कोणी बोलत नाही. सातपुड्यातील पाड्यांवर मला अशी जी घरे भेटतात, तिथे मुलाइतकीच मदत आईला लागते असे माझे ठाम मत झाले आहे. (बापालाही लागते, पण तो अनेकदा ऊसतोडीसाठी गुजरातेत असतो, आणि घरी असला तर गप्प असतो.)

पहिले ओझे दोषाचे. नजर लागली, ग्रहण पाहिले, कोणी करणी केली, असे लोक आईला ऐकवतात. मग भगत, कोंबडी, बोकड आणि सावकाराची उधारी. शिकलेले लोकही यात मागे नव्हते. १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी अमेरिकेत या स्थितीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, आणि पुढे कित्येक वर्षे तिथले नामांकित तज्ज्ञ सांगत राहिले की आईच्या थंड वागण्यामुळे मूल असे होते. अशा आईला ‘रेफ्रिजरेटर मदर’ म्हणत. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी पुस्तक लिहून हा समज खोडून काढला. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. आज आपल्याला माहीत आहे की अशा मुलाच्या मेंदूची वाढच वेगळ्या रीतीने होते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईच्या वागण्याने हे होत नाही, लसीनेही होत नाही. मंडळीतही “कोणाचे पाप?” असे विचारणारे भेटतात. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हेच विचारले होते, आणि प्रभूने त्याच्याकडेही बोट दाखवले नाही, त्याच्या आईबापांकडेही नाही.

दुसरे ओझे झोपेचे, आणि मला वाटते हेच सर्वांत मोठे. अनेक स्वमग्न मुलांना रात्रीची सलग झोप लागत नाही. काही मुले उठून निघून जातात; बाहेर विहीर असते, ओढा असतो, जंगल असते. एक आई लुगड्याचा पदर मुलाच्या मनगटाला बांधून झोपते. अशी झोप महिनोन्‌महिने झाली की चिडचिड होते, हात उठतो, आणि मग त्याचे दुःख वेगळेच. अशा घरी मी आधी दाराचे बघते: कडी उंच लावा, दाराला बैलाच्या गळ्यातली घुंगरे बांधा. मग रात्री वाटून घ्या. आज आई, उद्या आजी किंवा मोठी बहीण. मूल अंगणवाडीत गेले की भांडी तशीच राहू द्या आणि आडवे व्हा. हे सांगितले की बायांना आळशी ठरण्याची भीती वाटते. तेव्हा मी एलीयाची गोष्ट सांगते. तो रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिले, आणि पुन्हा झोपू दिले.

थकवा आणि आजार यांत फरक आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, जेवण जात नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर ते अंगावर काढू नये. मरणाचे विचार आले तर एक दिवसही थांबू नये. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. पाड्यावर रेंज नसेल तर आशाताईला सांगून आरोग्य केंद्र गाठावे. प्रार्थना करणाऱ्याने गोळी घेतली तर विश्वास कमी पडत नाही.

“माझ्यामागे याचे कोण?” हा प्रश्न प्रत्येक आईच्या मनात असतो. त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, पण कागद केले की तो थोडा हलका होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड काढले की राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळू शकतो. मूल १८ वर्षांचे झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. तालुक्याला खेटे पडतात, मजुरी बुडते. म्हणून आईसोबत कोणीतरी जायला हवे.

हे कोणीतरी म्हणजे आपण. उपासनेत ढोलकी आणि लाऊडस्पीकर सुरू झाला की मूल कान झाकून ओरडते, आणि आई ती सगळी वेळ बाहेर आंब्याखाली बसते. तिला “देवाने तुला खास निवडले” असे सांगू नका. त्यानंतर थकले असे म्हणायची तिला सोय उरत नाही. भगिनी मंडळातील एकीने आठवड्यातून दोन तास मुलाजवळ बसावे, दर वेळी तीच, कारण नवे माणूस त्याला चालत नाही. पहिले दोन-तीन आठवडे आई घरात असतानाच बसावे. मूल काय खाते, पाणी कसे मागते, घाबरले की कुठे लपते, हे तिच्याकडून विचारून घ्यावे. त्या दोन तासांत आई झोपेल, न्हाईल की बाजारला जाईल, हे तिचे तिला ठरवू द्यावे.