पगारी रजा आणि सायकलची वाट



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरतात. म्हणून फ्रान्सच्या खेड्यांतून सायकलने करावयाचा प्रवास हा माझा विषय फलकावर वाचून काहींना नवल वाटले असेल. पण विषय मी मुद्दाम निवडला आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या गेट मीटिंगमध्ये मी पगारी रजेवर बोलत होतो. एका पोक्त कामगाराने मला मध्येच थांबवून विचारले, “दादा, रजा घेऊन करू काय? जायचं कुठं?” मला उत्तर देता आले नाही. सारे आयुष्य रजेसाठी भांडणाऱ्या माणसाला रजेचे करायचे काय हे सांगता येऊ नये, याची मला लाज वाटली. ते उत्तर पुढे मला ल्वार नदीच्या काठी मिळाले.

कामगार संघटनांच्या एका बैठकीसाठी फ्रान्सला जाणे झाले. बैठक संपल्यावर चार दिवस मोकळे होते. तूर शहरातल्या एका रेल्वे कामगाराने आपली जुनी सायकल मला दिली, आगगाडीत ती कशी चढवायची हे दाखवले आणि सांगितले, “ब्ल्वा गावी उतरा आणि नदीच्या काठाने परत या.” शाळा सातवीला सुटल्यापासून सायकल हेच माझे वाहन. एका गेटवरून दुसऱ्या गेटवर मी तिच्यावरूनच गेलो आहे. पण काम नसताना सायकल चालवण्याचा माझ्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग.

ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी. तिची लांबी सुमारे १,००० किलोमीटर आहे. पात्र रुंद, पाणी उथळ आणि मधोमध वाळूची बेटे. पावसाळी पुरापासून शेते राखण्यासाठी तिच्या तीरांवर शतकानुशतके बांध घातले गेले. आज त्या बांधांवरून आणि आजूबाजूच्या आडरस्त्यांवरून सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग थेट समुद्रापर्यंत जातो. या खोऱ्याच्या मोठ्या भागाला युनेस्कोने २००० साली जागतिक वारशात स्थान दिले. मी त्यातला अगदी लहान तुकडा पाहिला : ब्ल्वाहून शाँबोर, तिथून आँब्वाझ, मग शनोंसो आणि शेवटी तूर.

तिथले रस्ते शांत का, हे समजून घेण्यासारखे आहे. लांबची वाहतूक मोठ्या मार्गांवरून जाते. गावे एकमेकांना जोडणारे जिल्ह्याचे डांबरी रस्ते वेगळे असतात, आणि ते उत्तम राखलेले असतात. कडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असला की तो जिल्ह्याचा रस्ता समजावा. छापील नकाशात हे लहान रस्ते पांढऱ्या किंवा पिवळ्या रेघेने दाखवतात. रेघेच्या कडेला हिरवी पट्टी असली तर तो भाग पाहण्याजोगा. रेघेवर बाणाच्या टोकासारखी खूण असली तर तिथे चढ आहे. एक खूण म्हणजे बेताचा चढ, तीन म्हणजे खडा. गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर ठेवावे, असा कायदा आहे. वाहने उजव्या बाजूने चालतात, ही सवय मात्र पहिल्या दिवशी नेटाने करावी लागते.

आणखी दोन गोष्टी सांगतो. दुपारी बारा ते दोन खेड्यातली दुकाने बहुधा बंद असतात, तेव्हा पाव आणि चीज सकाळीच पिशवीत घालावे. पाणी संपले तर गावची दफनभूमी शोधावी. फुलांसाठी तिथे नळ असतो. पाणी पिण्याचे नाही अशी पाटी नसेल, तर जाणते सायकलस्वार तिथेच बाटली भरतात. पहिल्यांदा मला संकोच वाटला. पण तहानलेल्याला पाणी देणारी जागा कुठलीही असो, ती पवित्रच.

आता सायकलीविषयी. आपल्या साध्या सायकलीला पुढे एक आणि मागे एक असे दातेरी चक्र असते. चढ आला की आपण उतरून ढकलतो. प्रवासाच्या सायकलीला मागे लहानमोठी अनेक चक्रे असतात आणि साखळी एकावरून दुसऱ्यावर सरकवता येते. पुढे ४८ दाते आणि मागे १६ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीनदा फिरते आणि सायकल सुमारे सहा मीटर पुढे जाते. दोन्हीकडे ३२ दाते असतील, तर चाक एकदाच फिरते आणि अंतर जेमतेम दोन मीटर कापले जाते. वेग घटला, पण पायावरचा भारही एकतृतीयांश झाला. चढण्याचे काम तेवढेच राहते, फक्त पायाला पेलतील अशा तुकड्यांत ते वाटून मिळते. आँब्वाझहून शनोंसोला जाताना नदी सोडून मधले पठार चढावे लागते. या युक्तीमुळेच तो चढ पन्नाशी उलटलेल्या माझ्यासारख्याला न उतरता जमला.

या युक्तीचा फ्रान्समधला थोर पुरस्कर्ता म्हणजे पॉल द व्हिव्ही. १८५३ साली जन्मलेला हा रेशमाचा व्यापारी सँतेत्येन या कोळशाच्या आणि सायकलींच्या गावी स्थायिक झाला. १८८७ साली त्याने सायकलविषयक मासिक काढले आणि ‘वेलोसियो’ या टोपणनावाने आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली : सायकल शर्यतीसाठी नाही, देश पाहण्यासाठी आहे, आणि दिमाखापायी पायडल मारू नये. वेग बदलणे हा दुबळेपणा आहे, असे शर्यतवाल्यांचे मत होते. फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीत साखळी सरकवण्याचे हे साधन १९३७ पर्यंत चालू दिले नव्हते. वेलोसियो १९३० साली वारला, पण त्याचेच म्हणणे पुढे खरे ठरले.

मात्र सायकल आली आणि रस्ता होता, म्हणून कामगार तिथे पोहोचला असे नाही. तिसरी वस्तू हवी होती, ती म्हणजे वेळ. १९३६ च्या मे-जूनमध्ये फ्रान्समध्ये सुमारे वीस लाख कामगार संपावर गेले. त्यांनी कारखाने ताब्यात घेतले आणि यंत्रांना धक्का न लावता आतच मुक्काम केला. लेओं ब्लुम यांचे सरकार नुकतेच अधिकारावर आले होते. ७ जूनला मालक आणि कामगार संघटना यांच्यात मातिन्यों करार झाला, आणि २० जूनला कायद्याने प्रत्येक कामगाराला वर्षाकाठी पंधरा दिवसांची पगारी रजा मिळाली. ध्यानात घेण्याची गोष्ट ही, की ब्लुम यांच्या आघाडीच्या निवडणूक कार्यक्रमात ही रजा नव्हती. ती संपाने आणली.

क्रीडा आणि फुरसत यांचे खाते लेओ लाग्राँझ या तरुण मंत्र्याकडे होते. त्यांनी ऑगस्टपासून कामगारांना आगगाडीच्या भाड्यात ४० टक्के सवलत मिळवून दिली. विरोधकांनी त्यांना ‘आळसाचे मंत्री’ म्हणून हिणवले. ज्यांना रेल्वेचे भाडेही जड होते, ते सायकलने निघाले. नवराबायको दोन बैठकांच्या टँडेमवर, तंबू आणि भांडी मागे बांधून. मला सायकल देणाऱ्या रेल्वे कामगाराच्या घरी असा एक फोटो भिंतीवर आहे. त्याचे आजोबा-आजी टँडेम धरून उभे आहेत, दोघांनी अर्ध्या चड्ड्या घातल्या आहेत आणि दोघे कॅमेऱ्याकडे थोडे घाबरून पाहत आहेत. त्या उन्हाळ्यात त्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. लाग्राँझ १९४० च्या जूनमध्ये आघाडीवर लढताना मारले गेले. रजा मात्र वाढत गेली : १९५६ साली तीन आठवडे, १९६९ साली चार, १९८२ साली पाच.

सायकलने जाणाऱ्याला काय दिसते? शाँबोरचा वाडा दिसतो. फ्रान्स्वा पहिला या राजाने १५१९ साली तो शिकारीसाठी बांधायला घेतला. चारशेहून अधिक खोल्या आणि भोवतालच्या रानाला ३२ किलोमीटरची भिंत. एवढ्या वाड्यात राजा आपल्या राज्यकाळात जेमतेम काही आठवडे राहिला. शनोंसोचा वाडा शेर नदीवर पुलासारखा उभा आहे. पहिल्या महायुद्धात त्याच्या लांब दालनात इस्पितळ होते आणि दोन हजारांहून अधिक जखमी सैनिकांवर तिथे उपचार झाले. १९४० ते १९४२ या काळात जर्मनव्याप्त आणि अव्याप्त फ्रान्समधली सीमा म्हणजे ही शेर नदीच होती. एक दार गुलामीत आणि पलीकडचे दार निदान जर्मन पहाऱ्याबाहेर. त्या दालनातून कित्येक माणसे पलीकडे निसटली.

पण वाडे तर बसच्या खिडकीतूनही दिसतात. बसमधून जे दिसत नाही ते सांगतो. तूरच्या अलीकडे वूव्रे आणि रोशकोर्बों या गावांत नदीकाठच्या पांढऱ्या कड्यांत घरे कोरलेली आहेत. दार, खिडकी आणि वर खडकातून निघालेले धुराडे. या भागातले वाडे आणि देवळे ज्या मऊ पांढऱ्या दगडाची आहेत, तोच हा दगड. पाथरवटांनी तो कापून नेला आणि मागे उरलेल्या पोकळीत गरिबांनी संसार थाटले. वर राजाचा वाडा उभा राहिला, खाली त्याच दगडाच्या खळग्यात माणूस राहिला. इतिहासाच्या पुस्तकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर असतात. सायकलवर त्या एकाच दुपारी समोर येतात.

तसेच प्रत्येक खेड्यातला युद्धस्मारकाचा दगड. १९१४ ते १९१८ च्या युद्धात सुमारे चौदा लाख फ्रेंच सैनिक मेले. एवढ्याशा गावाच्या दगडावर नावांची लांब रांग असते, आणि एकच आडनाव दोनदा, तीनदा येते. ताशी पंधरा किलोमीटरने जाणारा माणूस तिथे पाय टेकून ती नावे वाचतो.

आपल्याकडेही हा हक्क कोणी दान दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुटी मिळाली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने, वर्षात २४० दिवस काम करणाऱ्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा लागू केली. ते दिवस भरू नयेत म्हणून कंत्राटी माणसाला मध्येच ब्रेक देण्याची युक्तीही मग निघाली, आणि तिच्याशी आम्ही भांडत आलो. पण एक कबुली इथे दिली पाहिजे. कायम कामगारांच्या करारांत रजेऐवजी पैसे घेण्याची कलमे मी स्वतः घातली आहेत, आणि रक्कम वाढली की गेटवर टाळ्याही घेतल्या आहेत. घरात मुलांची फी आणि औषधपाणी असताना कामगार पैसे घेणारच. त्याला दोष नाही. पण ज्या दिवसांसाठी आधीच्या पिढ्यांनी उपाशी राहून संप केले, ते दिवस आम्ही मोजून परत विकत होतो, हे मला त्या बांधावर सायकल थांबवून बसलो तेव्हा उमगले.

परत आल्यावर मी त्या कामगाराला भेटायला गेलो. तो निवृत्त झाला होता. त्याला सारे सांगितले. तो म्हणाला, “दादा, माझी आजी म्हणायची, आपल्या गावाजवळच्या टेकडीवर जुनं लेणं आहे. मी कधी गेलो नाही.” मी विचारले, “किती लांब?” म्हणाला, “गावापासून नऊ किलोमीटर.”

पुढच्या रविवारी आम्ही दोघे सायकलने गेलो. चढाला उतरून ढकलत गेलो, कारण आमच्या सायकलींना एकच चक्र होते. नव्या कराराच्या मागणीपत्रात आता रजेच्या पैशांच्या कलमाआधी दुसरे एक कलम आहे : वर्षातून निदान सात दिवस सलग रजा प्रत्यक्ष घेता आली पाहिजे, आणि ती कंत्राटी कामगारालाही मिळाली पाहिजे. मालकांनी ते अजून मान्य केलेले नाही. आम्ही ते मागे घेतलेले नाही.